दोन इंची नळीतून दिसणारं पाणी

पावसाळा संपल्यावर खाडीकाठच्या एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आम्ही भूजलाचे नमुने घ्यायला गेलो होतो. कुंपणालगतच्या तीन नंबरच्या विहिरीत टेप सोडली, ती साडेसात मीटरवरच टेकली. कागदावर विहिरीची खोली होती बारा मीटर, म्हणजे खालचे साडेचार मीटर गाळानं भरलेले.

विहीर म्हटलं की डोळ्यांसमोर कठडा आणि रहाट येतो. ही तशी नाही. जमिनीत बोअर मारून उभी बसवलेली दोन इंची पीव्हीसी नळी आणि वर कुलूपबंद टोपण, एवढीच ती दिसते. नळीच्या तळाकडच्या तीन मीटरांत बारीक खाचा असतात. त्या खाचांतून शिरेल तेवढंच पाणी तपासायचं. केंद्राच्या टाकीला तडा गेला किंवा गाळ सुकवण्याच्या वाफ्यांतून काही झिरपलं, तर ते आधी इथे कळावं यासाठी ही नळी.

तीन नंबरच्या खाचा नऊ ते बारा मीटरवर होत्या. त्या पूर्ण गाडल्या गेल्या होत्या, तरी वर नळीत पाणी उभं होतं. ते आलं कुठून?

उत्तर जमिनीवरच सापडलं. नळीभोवतीचा काँक्रीटचा ओटा खचला होता आणि दोघांच्या मधल्या फटीत करंगळी जात होती. ऐरोली ते बेलापूर या खाडीकाठच्या सखल पट्ट्यात असं होणं नवल नाही. वर मुरमाचा भराव, त्याखाली खाडीची मऊ चिकणमाती आणि मग बेसॉल्टचा कातळ. भरावाच्या वजनानं चिकणमाती वर्षानुवर्षं दबत राहते. कातळावर टेकलेली नळी मात्र जागची हलत नाही. जमीन खाली जाते, नळी तिथेच राहते आणि फट पडते. इथे वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. ते पाणी फटीतून उतरून सैल झालेल्या जोडातून थेट नळीत जमत होतं. आम्ही भूजल म्हणून जे तपासायला निघालो होतो, ते बरंचसं पावसाचं पाणी होतं.

अशा विहिरीचा अहवाल दोन्ही बाजूंनी फसवतो. पावसानं पातळ झालेलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेखाली आरामात बसतं आणि सगळं ठीक वाटतं. उलट जमिनीवरची घाण आत गेली तर मैलापाण्याची खूण मानले जाणारे कोलीफॉर्म जीवाणू वाढतात आणि चांगल्या टाकीवर आळ येतो. शिवाय ही फट म्हणजे घाणीला भूजलापर्यंत नेणारी वाटच. म्हणून दुरुस्तीच्या भानगडीत न पडता विहीर बदलायची ठरलं, आणि माझ्या मते तेच योग्य होतं.

नवी विहीर जुनीपासून दोन-तीन मीटरवर घेतात. खाचा मात्र त्याच खोलीवर हव्यात. कातळाच्या वरच्या झिजलेल्या मुरमाड थरातलं पाणी आणि खालच्या भेगांतलं पाणी वेगळं असतं. खोली बदलली तर जुन्या आकड्यांशी तुलनाच उरत नाही. खाचांभोवती धुतलेली वाळू, तिच्यावर बेंटोनाइट मातीचा थर. पाणी लागताच ही माती फुगून बोअरची भिंत आणि नळी यांच्यातली जागा बंद करते. इथे घाई करू नये, फुगायला तिला काही तास द्यावेच लागतात. त्यावर ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, आणि बाहेरच्या बाजूला उतार दिलेला ओटा. ग्राउट खाचांपर्यंत उतरलं असेल तर पहिल्या नमुन्याचा सामू (पीएच) अकराच्या वर जातो आणि चूक लगेच पकडली जाते.

मग पाणी उपसायचं. दोन इंची नळीच्या एका मीटरमध्ये साधारण दोन लिटर पाणी मावतं. दहा मीटर पाणी उभं असेल तर वीस लिटर, आणि रीत अशी की त्याच्या तिप्पट, म्हणजे साठ लिटर काढून मग बाटली भरायची. नळीत साचून राहिलेलं पाणी जमिनीतल्या पाण्याबद्दल काही सांगत नाही.

खाडीकाठी आणखी एक पेच आहे. सांडपाणी ओळखायला क्लोराइड ही सोपी खूण, पण समुद्राच्या पाण्यातच लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. नुसतं क्लोराइड वाढलेलं पाहून केंद्राला दोष देता येत नाही. तेव्हा ब्रोमाइडही मोजतात. समुद्रात क्लोराइड हे ब्रोमाइडच्या सुमारे २९० पट असतं. घरगुती सांडपाण्यात मिठामुळे हे प्रमाण सहसा बरंच जास्त निघतं. सोबत अमोनिया आणि नायट्रेट वाढलं असेल तर संशय टाकीकडे वळतो. पाण्याची पातळीही भरती-ओहोटीबरोबर हलते, म्हणून सगळ्या विहिरींची पातळी एकाच सुमारास मोजावी लागते. या सपाट जमिनीत शंभर मीटरवरच्या दोन विहिरींच्या पातळीत वीतभरही फरक नसतो. नव्या नळीच्या तोंडाची उंची मोजताना थोडी चूक झाली तरी नकाशावर पाणी उलटं वाहताना दिसेल.

जुनी विहीर नुसती गाळानं भरलेली असती तर दोन-तीन फेऱ्या दोन्हींचे नमुने घेऊन आकडे जुळवता आले असते. फुटलेल्या विहिरीला ती सवलत नाही, ती आधी बुजवायची. आम्ही तिच्यातला गाळ काढला, तळापर्यंत बारीक पाईप सोडला आणि ग्राउट खालून वर भरत आणलं. वरून ओतलं असतं तर मध्येच अडकून खाली पोकळी राहिली असती. दुसऱ्या दिवशी ग्राउट हातभर खाली बसलं होतं, तेवढं पुन्हा भरलं.

नव्या विहिरीला नंबर दिला तीन-अ. आलेखात तीनची रेघ जिथे संपते तिथे उभी तुटक रेघ मारून तारीख लिहिली आहे, आणि ओटा खचल्यानंतरच्या आकड्यांसमोर प्रश्नचिन्ह आहे.