मारामुरेश

रोमानियाच्या उत्तर टोकाचा ऐतिहासिक प्रदेश. मारा, कोसाउ, इझा आणि विशेउ या नद्यांची खोरी आणि त्यांना वेढणारे कार्पेथियन पर्वत एवढा त्याचा विस्तार. तो शतकानुशतके हंगेरीच्या राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीशी झालेल्या 1920 च्या त्रियानो तहात त्याची विभागणी झाली. आज तिसा नदीच्या दक्षिणेचा भाग रोमानियात, तर उत्तरेचा युक्रेनमध्ये आहे. आजचा मारामुरेश जिल्हा आणि हा जुना प्रदेश एकच नव्हेत, जिल्ह्यात शेजारचे मुलूखही आले आहेत.

येथील संस्कृती लाकडात घडली. युनेस्कोने 1999 मध्ये जिल्ह्यातील आठ लाकडी चर्चना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी बर्साना, बुदेश्त, देसेश्त, येऊद व पोयेनिले इझेय येथील पाच जुन्या मारामुरेशमधली आहेत. उरलेल्या तिघांपैकी शुर्देश्तचे चर्च उंचीमुळे सर्वाधिक प्रसिद्ध असले, तरी ते शेजारच्या मुलुखातले. जाड ओंडके टोकाशी खाचा पाडून एकमेकांत बसवायचे आणि वर लाकडाच्याच पातळ फळ्यांचे उतरते छप्पर चढवायचे, अशी ही बांधणी. चर्चचा गाभा लहान आणि अंधारा असतो. त्याच्या पश्चिम बाजूवरून निमुळता मनोरा मात्र इतका उंच जातो की गाव दिसण्याआधी तोच दिसतो. आतल्या भिंतींवर बायबलमधील प्रसंग रंगवलेले असतात. देसेश्तची चित्रे राडू मुंतेआनू याने 1780 मध्ये काढली. पोयेनिले इझेयच्या भिंतींवरील नरकयातनांची चित्रे सावकाश पाहावीत. परलोकाच्या निमित्ताने त्यांत गावातली रोजची पापेच रंगवली आहेत.

घरांपुढच्या ओकच्या भव्य दरवाजांवर पिळदार दोर, सूर्य आणि जीवनवृक्ष कोरलेले असतात. सपंत्सा गावात ही कोरीव कला दफनभूमीपर्यंत पोहोचली. स्तान योआन पत्राश या कारागिराने 1935 पासून तेथे ओकचे क्रूस कोरून ते गडद निळ्या रंगात रंगवायला सुरुवात केली. प्रत्येक क्रूसावर मृताचे चित्र आणि त्याच्याच तोंडी घातलेली पद्यरचना असते. मेंढपाळ, सूत कातणारी बाई, दारूच्या नादी लागलेला माणूस असे सारे आपापली कहाणी सांगतात आणि त्यात उणेही झाकत नाहीत. पत्राश 1977 मध्ये वारला. पुढे त्याचा शिष्य दुमित्रु पोप याने हे काम चालवले. ‘आनंदी दफनभूमी’ हे तिचे प्रचलित नाव अपुरे वाटते, कारण अकाली गेलेल्या मुलांचे क्रूस वाचताना हसू येत नाही.

विशेउ दे सुस येथून वासेर खोऱ्यात जाणारी 760 मिमी रुंदीच्या रुळांची रेल्वे 1930 च्या दशकात जंगलातील ओंडके वाहण्यासाठी घातली गेली. तिला ‘मोकनित्सा’ म्हणतात. वाफेच्या इंजिनाची ही गाडी आता प्रवाशांनाही नेते. खोऱ्यात मोटाररस्ता नसल्याने नदीकाठचे रान अजून शांत आहे. दक्षिणेच्या रोडना पर्वतरांगेत पिएत्रोसुल हे 2,303 मीटर उंचीचे शिखर, हिमनद्यांनी कोरलेली तळी आणि बोर्शाजवळचा ‘घोड्यांचा धबधबा’ आहे.

सिगेत हे प्रदेशाचे जुने मुख्य शहर. नोबेल शांतता पारितोषिक मिळवणारे एली वीझेल यांचा जन्म तेथे 1928 मध्ये झाला; 1944 मध्ये शहरातील इतर ज्यूंबरोबर त्यांनाही आउशवित्झच्या नाझी छळछावणीत नेण्यात आले. कम्युनिस्ट राजवटीने येथील तुरुंगात राजकीय विरोधकांना डांबले. माजी पंतप्रधान युलिउ मानिउ 1953 मध्ये तेथेच वारले. त्या तुरुंगाच्या कोठड्यांत आता स्मारक-संग्रहालय आहे.