व्हेनिसच्या टाकसाळीतली पुतळी

नाण्यावरचा राजा सहसा ऐटीत असतो. दक्षिण इटलीत सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने 1231 पासून पाडलेल्या 'आउगुस्ताले' या सोन्याच्या नाण्यावर तो डोक्याला पानांचा मुकुट बांधून थेट रोमन सीझरच्या थाटात दिसतो. व्हेनिसच्या 'डुकाट' या सोन्याच्या नाण्यावर मात्र राज्याचा प्रमुख चक्क गुडघे टेकून बसलाय. समोर नगराचे रक्षक संत मार्क उभे, आणि दोघांच्या मध्ये निशाणाची उंच काठी. व्हेनिस प्रजासत्ताक होतं. तिथला 'डोज' बड्या घराण्यांनी निवडलेला असे आणि त्याने राजासारखं मिरवलेलं त्यांना खपत नसे.

फ्लॉरेन्स आणि जिनोव्हा यांनी 1252 मध्येच सोन्याचं नाणं काढलं होतं. व्हेनिसने बत्तीस वर्षं वाट पाहून 1284 मध्ये ठराव केला: आपलं नाणं फ्लॉरेन्सच्या फ्लोरिनइतकं चोख हवं, जमल्यास सरस. तेव्हा जोव्हान्नी दांदोलो डोज होता. तो 1289 मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या नावाचे डुकाट आज फार दुर्मीळ आहेत.

वजन जेमतेम साडेतीन ग्रॅम, पण सोनं 99 टक्क्यांहून शुद्ध. आधुनिक रसायनशास्त्र जन्मायच्या कितीतरी आधी हे कसं साधायचं? खाणीतल्या सोन्यात चांदी असतेच, आणि नुसतं वितळवून ती निघत नाही. त्या काळची एक रीत अशी: सोन्याचे पातळ पत्रे ठोकायचे, मीठ आणि विटेच्या भुकटीच्या थरांत रचायचे, मातीच्या भांड्यात बंद करायचे आणि सोनं वितळणार नाही एवढ्याच आचेवर तासन्‌तास तापवायचे. मिठातला क्लोरीन चांदीला धरतो, तयार झालेलं सिल्व्हर क्लोराइड भुकटीत मुरतं आणि सोनं जागच्या जागी राहतं. स्वयंपाकघरातलं मीठ सोन्याचा कस वाढवतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पुढे पाचशे वर्षं व्हेनिसने ना कस उतरवला ना चित्र बदललं. बदलत गेलं ते डोजचं नाव. 1797 मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताकच कोसळलं. या नाण्याला नंतर 'झेक्कीनो' म्हणू लागले. झेक्का म्हणजे टाकसाळ, आणि तो शब्द आला अरबी 'सिक्का'वरून. आपलाही सिक्का तिथलाच!

मिरी आणि कापडाच्या बदल्यात ही नाणी इजिप्त, तांबड्या समुद्रामार्गे हिंदुस्थानात आली. त्यांवरचं लॅटिन कुणाला वाचता येत होतं? लोकांनी चित्र पाहिलं आणि नाव ठेवलं. दक्षिणेत काठी धरलेला डोज माडावर चढणाऱ्या ताडीवाल्यासारखा दिसला, म्हणून ते झालं 'शाणार काशू'. मराठी मुलुखात त्यावरच्या आकृतींमुळे ती 'पुतळी' झाली. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याच्या यादीत होनांबरोबर 'पुतळ्या' मोजल्या आहेत, त्या ह्याच. त्या ओवून पुतळ्यांची माळ झाली.

मागणी वाढली तशा नकला इथेच घडू लागल्या. न कळणारी अक्षरं कारागिरांनी नुसती पाहून उतरवली. नकलेची नक्कल होता होता लॅटिनच्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरल्या. गुडघे टेकलेला डोज मात्र त्यातही ओळखू येतो.