टाउनशिप आणि जुनी वस्ती: घर घेताना फरक नेमका कशात पाहावा?

पुण्यात घर घ्यायला निघालेल्या कुटुंबात दोन तट पडायला फारसा वेळ लागत नाही. एकाला मगरपट्टा किंवा नांदेड सिटीसारखी टाउनशिप हवी असते, तर दुसऱ्याचा जीव कोथरूड, एरंडवणे किंवा सहकारनगरात अडकलेला असतो. पहिला ‘नियोजित’ म्हणतो, दुसरा ‘मुरलेली वस्ती’ म्हणतो, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे दोघेही धरून चालतात. वास्तविक १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली जो सुधार न्यास स्थापन झाला, त्याच्याच दादर-माटुंगा योजनेतून हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. आज या वसाहतीच जुन्या वस्तीचा नमुना म्हणून दाखवल्या जातात. पुण्यातही १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती कागदावर आखूनच वसवल्या गेल्या. तेव्हा आखणी होती की नव्हती, हा फरकाचा मुद्दाच नव्हे. आखणी झाल्यानंतर रस्ता, पाणी आणि सांडपाणी यांची जबाबदारी कोणाकडे गेली आणि इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे दोन्हीकडे वेगळी येतात, आणि घराची खरी किंमत त्यांवरच ठरते.

जुन्या वस्तीत सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले की महापालिकेची हद्द सुरू होते. रस्ता, दिवे, जलवाहिनी, कचऱ्याची गाडी हे सारे मिळकतकरातून चालते. काम रेंगाळते, त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालावे लागतात, पण दाद मागायला एक सार्वजनिक यंत्रणा असते. टाउनशिपमध्ये ही यंत्रणा खासगी असते. राज्य शासनाच्या विशेष नगर वसाहत धोरणात, ज्याचे पुढे एकात्मिक नगर वसाहत असे नामांतर झाले, किमान ४० हेक्टर म्हणजे सुमारे १०० एकर सलग जमीन लागते आणि अंतर्गत रस्ते, पाणी, सांडपाणी प्रक्रिया या सोयी करण्याची जबाबदारी विकासकावर असते. त्यामुळे आतले रस्ते गुळगुळीत असतात हे खरे, परंतु ते तसे राखण्याचा खर्च रहिवाशांच्या मेंटेनन्समधून निघतो. तोही बहुधा दुहेरी असतो, म्हणजे आपल्या इमारतीच्या सोसायटीचा वेगळा आणि सगळ्या वसाहतीच्या सामाईक सोयींचा वेगळा. वसाहत महापालिकेच्या हद्दीत असली तर मिळकतकर चुकत नाही तो नाहीच.

येथे एक घोटाळा जाहिराती मुद्दाम करतात. पाच-सहा एकरांत चार टॉवर, एक जलतरण तलाव आणि क्लबहाऊस बांधले की त्यालाही सर्रास टाउनशिप म्हटले जाते. अशा प्रकल्पाला या धोरणातली जबाबदारी लागू होत नाही, आणि महापालिकेच्या सोयीही तेथवर पोचलेल्या असतीलच असे नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. त्या पट्ट्यातल्या कितीतरी चकचकीत सोसायट्यांच्या दारात सकाळी पाण्याचे टँकर उभे असतात. माझ्या मते ही तिसरी जातच सर्वांत जपून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात टाउनशिपची स्वयंपूर्णता नसते आणि जुन्या वस्तीची जलवाहिनीही नसते. घर पाहायला गेल्यावर क्लबहाऊस दाखवणाऱ्या विक्री प्रतिनिधीला गेल्या एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर किती खर्च झाला, एवढेच विचारावे.

जमिनीचा प्रश्न मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे. जुन्या तीन मजली इमारतीत बारा सदनिका असतील, तर त्या भूखंडातला प्रत्येकाचा वाटा मोठा असतो. वीस मजली टॉवरमध्ये तो अगदी लहान होतो. पन्नास वर्षांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या घराला चढा भाव येतो तो भिंतींचा नसतो, त्या वाट्याचा आणि पुढच्या पुनर्विकासाचा असतो. परंतु हा भाव तेव्हाच खरा, जेव्हा जमीन सोसायटीच्या नावावर झालेली असेल. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने विकासकावर जमिनीच्या अभिहस्तांतरणाचे, म्हणजे ती सोसायटीच्या नावे करून देण्याचे, बंधन घातले असूनही असंख्य सोसायट्या त्याविना राहिल्या, म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे विकासकाच्या सहीवाचून जमीन नावावर करून घेण्याची, वाट काढावी लागली. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) आजही मूळ मालकाचेच नाव असेल, तर तुम्ही पुनर्विकासाच्या आशेचे पैसे मोजत आहात, हक्काचे नव्हे. हक्क असला तरी पुढची वाट लांबच असते. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पण उरलेल्यांशी वाद, करारनामा, पर्यायी भाड्याचे घर यांत वर्षे जातात.

मोठ्या वसाहतीत सोसायटीला आधी केवळ इमारतीचे अभिहस्तांतरण मिळते. जमीन सगळ्या सोसायट्यांच्या शिखर संस्थेकडे जाते, आणि तीही शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, मिळाल्यानंतर. बांधकाम टप्प्याटप्प्याने पंधरा वर्षे चालले, तर तेवढा काळ जमिनीवरची पकड विकासकाचीच राहते. मंजूर आराखडा बदलायला रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती आवश्यक केली आहे, हा दिलासा आहे. मात्र आज खिडकीतून दिसणारे मोकळे मैदान हे आराखड्यातले उद्यान आहे की पुढच्या टप्प्याची जागा, हे महारेराच्या, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरचा आराखडा उघडून स्वतः पाहिलेले बरे.

खरेदीच्या वेळचा खर्च सांगायला सोपा आहे. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून ७ टक्के, महिलेच्या एकटीच्या नावे खरेदी असल्यास १ टक्का कमी, आणि नोंदणी शुल्क कमाल ३०,००० रुपये. म्हणजे ८० लाखांच्या घराला ५,६०,००० अधिक ३०,००० रुपये, मग ते नवे असो वा जुने. बांधकाम सुरू असलेल्या आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या सदनिकेवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख पडतात. पुनर्विक्रीच्या घरावर तो नाही. तेथे सोसायटीचे हस्तांतरण शुल्क असते, ज्याची महापालिका क्षेत्रातली कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्याहून अधिक रक्कम ‘देणगी’ म्हणून मागितली जात असेल, तर त्या सोसायटीच्या कारभाराची कल्पना तेथेच येते. यावरून जुने घर स्वस्त पडते असे मात्र समजू नये. इमारत फार जुनी असेल तर बँक कर्ज देताना हात आखडते, आणि नळ, वायरिंग, गळती यांवरचा खर्च पहिल्याच पावसाळ्यात समोर येतो. नव्या घरातल्या संरचनात्मक दोषाची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे विकासकावर असते, जुन्या घराला तसे कवच नाही.

वाहनतळ, लिफ्ट, मुलांना खेळायला जागा यांत टाउनशिप सरस आहे, आणि चालत जाऊन भाजी, दवाखाना, बँक गाठण्यात जुनी वस्ती. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. प्रत्येकाला आपली गरज ठाऊक असते. माझा कल विचाराल, तर अभिहस्तांतरण झालेली, शिल्लक निधी बाळगून असलेली जुनी सोसायटी मी टाउनशिपच्या आधी धरीन, आणि अभिहस्तांतरण नसलेली जुनी सोसायटी सर्वांत शेवटी. घरात जिने चढू न शकणारे वडीलधारे असतील, तर टाउनशिप अर्थातच पहिली येते.

कोणत्याही बाजूने झुकण्यापूर्वी तीन कागद मागावेत: मिळकत पत्रिका किंवा सातबारा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि सोसायटीच्या मागील वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त हिशेबांसह. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हावी लागते, म्हणून तिचा शेवटचा अहवाल हा चौथा कागद. टाउनशिपमध्ये चौथा कागद वेगळा असतो: सामाईक सोयींसाठी ताब्याच्या वेळी घेतलेली आगाऊ रक्कम किती वर्षांची आहे आणि ती संपल्यावर दर कोण ठरवणार, हे सांगणारे करारनाम्यातले कलम.