हार्टफर्डचे नळकांडे आणि हार्टफर्डचे पिस्तूल

आपल्याकडे सायलेन्सर म्हटले की आधी बुलेट मोटारसायकल आठवते. पुण्या-नागपुरात पोलीस जप्त केलेले ‘फटाका’ सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. पिस्तुलाच्या तोंडावर बसणारा सायलेन्सर आपण पाहतो तो फक्त पडद्यावर, ‘फुस्स’ असा आवाज करणारा. हा ‘फुस्स’ खोटा आहे. पण त्याची सुरुवात सिनेमावाल्यांनी केलेली नाही, एका इंजिनिअरच्या जाहिरातीतल्या नावाने केली.

हा इंजिनिअर म्हणजे हायरम पर्सी मॅक्झिम. वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम, 1884 साली स्वयंचलित मशीनगन बनवणारे. त्यांचे कान त्या धडधडाटाने कायमचे अधू झाले. मुलगा 1869चा, एमआयटीत शिकलेला. मोटारी नवीन होत्या त्या काळात तो अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात त्या बनवण्याच्या कामाला लागला. न्हाणीतल्या टबाचे पाणी भोवऱ्यासारखे गरगरत मोरीत जाताना पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगितले जाते. नळीतून गोळीमागे सुटणारा दाबाखालचा वायू एकदम हवेत सोडायचा नाही. त्याला छोट्या छोट्या कप्प्यांतून घुमवायचे, थंड व्हायला थोडा वेळ द्यायचा आणि मग सोडायचे. 30 मार्च 1909 रोजी पेटंट मिळाले. हीच युक्ती इंजिनाच्या धुराड्यालाही लागू पडत होती, आणि त्याच्या कंपनीने पुढे तोही धंदा केला. म्हणजे बुलेटचा सायलेन्सर आणि बंदुकीचा सायलेन्सर हे खरोखरच चुलतभाऊ आहेत. (हौशी रेडिओवाल्यांना मॅक्झिम दुसऱ्याच कारणाने ठाऊक असतो. 1914 साली अमेरिकन रेडिओ रिले लीग उभारणाऱ्यांपैकी तो एक. माणूस आयुष्यभर आवाजाच्याच मागे होता.)

आवाज बंद होत नव्हता, कमी होत होता. तरी नाव पडले सायलेन्सर. आज जाणकार ‘सप्रेसर’ म्हणतात आणि इंग्रज ‘मॉडरेटर’ म्हणतात, ते उगीच नाही. उघड्या 9 मिमी पिस्तुलाचा बार कानाशी सुमारे 160 डेसिबलचा असतो. चांगल्या सप्रेसरने तो 130च्या आसपास येतो. अचानक होणाऱ्या आवाजासाठी 140 ही धोक्याची रेषा मानतात, म्हणजे कान वाचतात. पण 130 म्हणजे शांतता नव्हे, शेजारच्या खोलीत नक्की ऐकू जाते.

मॅक्झिमची नळकांडी मुख्यतः रायफलींवर बसली. पिस्तुलावर का नाहीत, याचे उत्तर त्याच गावात सापडते. हार्टफर्डलाच कोल्टचा कारखाना होता, आणि तिथे जॉन ब्राउनिंगने रचलेले पिस्तूल तयार होत होते. अमेरिकन सैन्याने ते 1911 साली घेतले. त्यात नळी आणि तिच्यावरचे सरकते आवरण, म्हणजे स्लाइड, एकमेकींत अडकून थोड्या मागे सरकतात. मग नळीचे मागचे टोक खाली झुकते, अडकण सुटते, आणि स्लाइड एकटी मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकते. आजची बहुतेक मोठी पिस्तुले याच युक्तीवर चालतात. आता या झुकणाऱ्या नळीच्या टोकाला दोन-तीनशे ग्रॅमचे नळकांडे लावून पाहा. नळी जडावते, नीट मागे सरकत नाही, झुकत नाही, आणि पिस्तूल एका गोळीनंतर अडकून बसते. आवाज गिळणारी वस्तू आणि ती न पेलणारे पिस्तूल, दोन्ही एकाच गावात, दोन वर्षांच्या अंतराने. इतिहासाला असले विनोद सुचतात.

रिव्हॉल्व्हरची अडचण आणखी साधी. फिरत्या चक्रात आणि नळीत फट असते, वायू तिथूनच निसटतो. तोंडाशी काहीही लावा, व्यर्थ. अपवाद ‘नागां’ या रशियन रिव्हॉल्व्हरचा. त्याचे चक्र घोडा दाबताना पुढे सरकून नळीला चिकटते, म्हणून मितिन बंधूंनी सोव्हिएत काळात त्याच्यासाठी खास ‘ब्रामिट’ सप्रेसर बनवला.

मग आला 1934चा राष्ट्रीय बंदूक कायदा. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी अमेरिका हादरलेली होती. मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती; विरोध झाला आणि ती वगळली गेली. सायलेन्सर राहिला. सुनावण्यांच्या नोंदी चाळल्या तर त्याच्यावर चर्चा अशी जवळपास नाहीच. सरकारी नोंदणी आणि प्रत्येक हस्तांतरावर 200 डॉलरचा कर. जी वस्तू 5 डॉलरच्या आसपास मिळायची, तिच्यावर 200. बंदी न घालता बंदी. माझे मत विचाराल तर मॅक्झिमला त्याचे जाहिरातीतले नाव इथे भोवले. ‘आवाज कमी करणारे नळकांडे’ म्हटले असते तर त्या यादीत मशीनगनच्या शेजारी बसायची पाळी आली नसती.

बाजार आटला, पण हेरखात्यांना अशा वस्तूची गरज पडणारच होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी वेल्विनजवळच्या गुप्त कार्यशाळेत ‘वेलरॉड’ बनवले. सायकलच्या पंपासारखे दिसणारे, मॅगझिन हीच मूठ असलेले, प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढून पुन्हा भरायचे पिस्तूल. नळी झुकायचा प्रश्नच नको म्हणून त्यांनी स्वयंचलितपणाच सोडून दिला. अमेरिकनांनी हाय स्टँडर्ड कंपनीचे .22 (हा आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात) पिस्तूल घेतले, त्याची नळी जागची हलत नाही. गुप्तचर प्रमुख डोनोव्हन यांनी रूझवेल्टच्या कार्यालयातच वाळूच्या पिशवीत गोळ्या झाडून ते दाखवले आणि राष्ट्राध्यक्षांना कळलेही नाही, असा किस्सा आहे. तिखटमीठ किती ते आपण ठरवावे. 1 मे 1960 रोजी सोव्हिएत हद्दीत पाडलेल्या यू-2 या हेरविमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स याच्याजवळ असेच हाय स्टँडर्ड सापडले.

सप्रेसर फिरवून बसवता यावा म्हणून टोकाला आटे पाडलेली नळी ठळकपणे पुढे येते ती व्हिएतनाम युद्धात. अमेरिकन नौदलाच्या ‘सील’ या कमांडो पथकांना पहारेकरी कुत्र्यांचा बंदोबस्त करायचा होता. स्मिथ अँड वेसनच्या 9 मिमी पिस्तुलाची नळी लांबवली, टोकाला आटे पाडले आणि सप्रेसर चढवला. टोपणनाव ‘हश पपी’. त्याला स्लाइड जागीच अडकवून ठेवायची कळ होती, कारण स्लाइड मागेपुढे आपटल्याचाही आवाज होतो. गोळीसुद्धा वेगळी, 158 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप), जड आणि मंद. इथे सप्रेसर लावण्यातला दुसरा पेच कळतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. नेहमीची 115 ग्रेनची 9 मिमी गोळी त्यापेक्षा वेगाने जाते आणि वाटेत स्वतःचाच कडाका उडवते, तो कुठल्याही नळकांड्याने थांबत नाही. म्हणून आज सप्रेसरसोबत 147 ग्रेनची जड गोळी वापरतात. जुने .45 काडतूस मात्र मुळातच मंद, सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास. ब्राउनिंगचे हे काडतूस सप्रेसरला आयतेच सोयीचे ठरले, त्याने तसे काही योजलेले नसताना.

झुकत्या नळीचा प्रश्न नीट सुटला तो 1980च्या दशकात, ‘नील्सन डिव्हाइस’ने. सप्रेसर नळीला थेट घट्ट न जोडता मध्ये स्प्रिंग आणि पिस्टन घालायचे. गोळी सुटली की क्षणभर नळकांडे जागच्या जागी राहते आणि नळी त्याचे ओझे न वाहता मागे सरकते. हार्टफर्डचे भांडण मिटायला सत्तरएक वर्षे लागली. पुढे अमेरिकन विशेष दलांसाठी हेक्लर अँड कॉखने मार्क 23 हे .45चे पिस्तूल बनवले. त्यात आट्यांची नळी आणि सप्रेसर ही पहिल्यापासूनची अट होती, मागाहून केलेली जोड नव्हती.

आज अमेरिकेत कोणी दुकानात उभा राहून निवड करतो तेव्हा हा सगळा इतिहास त्याच्यापुढे आट्यांच्या रूपात पडलेला असतो. नळी स्लाइडबाहेर अर्धा इंच डोकावते, टोकावर आटे जपणारी छोटी टोपी. टोपी काढली की प्रश्न सुरू. अमेरिकन 9 मिमीला अर्धा इंच व्यास आणि इंचात 28 आटे, नेहमीसारखे उजवे. युरोपीय नळीला साडेतेरा मिमी व्यास, एक मिमी अंतर, आणि आटे उलटे. सायकलचे डावे पेडल खोलताना ज्यांनी एकदा शिव्या घातल्या आहेत त्यांना उलटे आटे समजावून सांगावे लागत नाहीत. जुळत नसेल तर सप्रेसरमधला पिस्टन बदलतात. नळकांडे जाड असल्याने नेम धरायची मूळ माशीही झाकली जाते, म्हणून उंच माशी बसवावी लागते. वॉल्थर पीपीकेसारख्या स्थिर नळीच्या पिस्तुलाला पिस्टन-स्प्रिंगची भानगडच नाही.

या आट्यांनाही कायदा चिकटलेला आहे. 1994 ते 2004 या काळात अमेरिकेच्या संघीय कायद्याने पिस्तुलाची आट्यांची नळी ही बंदी घातलेल्या शस्त्रांच्या लक्षणांत मोजली होती. फिनलंड-नॉर्वेत उलट, शिकाऱ्याने सप्रेसर लावणे हा शेजारधर्म समजतात. भारतात शस्त्र नियमांनी बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोड मनाई असलेल्या शस्त्रांच्या वर्गातच टाकली आहे. त्यामुळे आपल्या रेंजवर नेमबाजांच्या कानांचे रक्षण कानावरच्या मफांनीच होते.

तो 200 डॉलरचा कर 1934 पासून एका सेंटनेही वाढला नव्हता. महागाईने त्याची धार बोथट होत गेली आणि सप्रेसर चैनीतून सवयीच्या खरेदीत आला. जुलै 2025 मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने 1 जानेवारी 2026 पासून सप्रेसरवरचा हा कर शून्य केला. अर्ज, फोटो, बोटांचे ठसे आणि सरकारी नोंद मात्र तशीच ठेवली आहे.