जी६पीडी कमतरता आणि शाळेची प्रयोगशाळा: अर्ज कसा द्यावा, कुठे अडतो

तांबड्या रक्तपेशींना जपणारं जी६पीडी हे एन्झाइम काही मुलांत जन्मतःच कमी असतं. दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतो. नॅफ्थलीनची वाफ किंवा ॲनिलीन शरीरात गेलं तर अशा मुलाच्या रक्तपेशी फुटतात. शाळेच्या प्रयोगशाळेत अशी रसायनं असतात, म्हणून ती मुलाला हाताळायला लावू नयेत आणि पर्यायी प्रयोग द्यावा, असा अर्ज पालकांनी मुख्याध्यापकांच्या किंवा प्राचार्यांच्या नावे साध्या कागदावर द्यायचा. सोबत रक्ताचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र.

बहुतेक अर्ज अडतात ते अपंगत्वाच्या दाखल्यावर. कार्यालय तो मागतं आणि पालक सिव्हिल हॉस्पिटलचे खेटे घालत बसतात. तो दाखला मिळणारच नाही! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, जी६पीडी नाही. हे अर्जातच लिहा आणि मागणी सवलतीची नसून सुरक्षिततेची आहे, हेही स्पष्ट करा.

रिपोर्टचंही तसंच. कावीळ चालू असताना किंवा रक्त चढवल्यावर लगेच तपासणी केली, तर कमतरता असूनही आकडा नॉर्मल येऊ शकतो, कारण नव्या किंवा रक्तदात्याच्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मुलींचा आकडा अधलामधला येऊ शकतो. तो डॉक्टरांनाच वाचू द्या.

प्रमाणपत्रात ‘रसायनांपासून दूर ठेवावे’ एवढंच असेल तर शिक्षक तरी काय करणार? नावं हवीत: नॅफ्थलीन, ॲनिलीन, फिनाइलहायड्राझिन, मिथिलीन ब्ल्यू. संप्लवनाचा (घन पदार्थाची थेट वाफ होण्याचा) प्रयोग नॅफ्थलीनऐवजी अमोनियम क्लोराईडवरही होतो. बारावीच्या ॲझो रंगाच्या चाचणीत ॲनिलीन असतं, ती मुलानं स्वतः करू नये. स्वच्छतागृहातल्या डांबराच्या गोळ्याही काढायला सांगा; त्या नॅफ्थलीनच्याच असू शकतात.

अर्ज जूनमध्येच द्या. प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर दिला तर पर्यायी प्रयोग ठरवायला वेळ उरत नाही. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्क्याची पोहोच घ्या, तोंडी ‘बघतो’वर परतू नका.

शिक्षकांना एवढं नक्की सांगा: त्रास त्याच तासाला दिसेलच असं नाही, एक ते तीन दिवसांनीही लघवी चहासारखी गडद होते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते. तसं झालं तर मुलाला लगेच रुग्णालयात न्यायचं, रिपोर्टची प्रत सोबत हवीच. ॲनिलीनच्या विषबाधेवर नेहमी मिथिलीन ब्ल्यूचं इंजेक्शन देतात, आणि या मुलांना तेच घातक ठरू शकतं.