'लास्ट मॅन' म्हणजे लाल कार्ड? नाही हो!
सोलापुरात फुटबॉल बघायला चार माणसं जमली नि गोलकीपरच्या पुढच्या शेवटच्या बचावपटूनं फाउल केला, की आरोळी ठरलेली, "लास्ट मॅन हाय, रेड दे!" आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेसाठी तयारी करणारे पोरसवदा रेफ्रीही हेच घोकून येतात. पण फुटबॉलच्या नियमपुस्तकात फाउलांबद्दलचा जो नियम 12 आहे, त्यात 'शेवटचा खेळाडू' असं काही नाहीच. फाउलनं हुकमी गोलची संधी हिरावली का, हा खरा प्रश्न. त्यासाठी बघायचं ते गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात राहण्याची शक्यता, बचावपटूंची जागा नि संख्या. फॉरवर्ड कॉर्नरच्या झेंड्याकडे पळत असेल, तर मागं कुणी नसलं तरी लाल कशाला? शिवाय 2016 पासून, हुकमी गोल अडवताना पेनल्टी क्षेत्रात चेंडूसाठी झटताना फाउल झाला, तर पेनल्टी आणि पिवळं. जर्सी ओढली तर मात्र लालच. म्हणून लाल कार्ड मागच्या खिशात ठेवावं. काढेपर्यंत डोकं चालतं.