वितळण्याआधी थांबणाऱ्या हिमनद्या

इंदुरात उन्हाळा चढून पाण्याची ओरड सुरू झाली, की एक संदेश दरवर्षी नव्याने मोबाइलवर फिरू लागतो. २०३५ पर्यंत हिमालयातील सगळ्या हिमनद्या संपणार आणि मग नर्मदाही आटणार, असे त्यात सांगितलेले असते. नर्मदेचा हिमालयाशी काहीही संबंध नाही. ती अमरकंटकला उगम पावते आणि पावसाच्या व जमिनीत मुरलेल्या पाण्यावर वाहते, त्यामुळे १९७८ पासून जलूदहून पंपाने वर चढवून आपल्या शहरात येणाऱ्या पाण्यात हिमनदीचा एक थेंबही नसतो. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर उगम पावणारी चंबळही पुढे यमुनेला मिळेपर्यंत पूर्णपणे पावसाचीच नदी आहे. २०३५ या सालाची गोष्ट थोडी वेगळी आहे. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात ते खरोखरच छापले गेले होते. त्याला कोणताही भक्कम आधार नव्हता आणि जानेवारी २०१० मध्ये समितीने ही चूक जाहीरपणे मान्य केली. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपर्यंत ती कबुली अजून पोहोचलेली नाही.

ही चूक उघड झाल्यावर काहींनी दुसरे टोक गाठले आणि हिमालयाला काहीही झालेले नाही, असे सांगायला सुरुवात केली. गोमुखापासून चौखंबा शिखराच्या परिसरापर्यंत पसरलेली, सुमारे तीस किलोमीटर लांबीची गंगोत्री हिमनदी या शतकात नाहीशी होणार नाही, हे खरे आहे. परंतु भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने भारतीय हिमालयात ९,५७५ हिमनद्यांची नोंद केली आहे आणि त्यांतील बहुतेक गंगोत्रीसारख्या नाहीत. डोंगराच्या एखाद्या कोनाड्यात बसलेल्या, एक चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या हिमनद्यांची संख्या त्यांत फार मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनदी-संवर्धनाचे वर्ष म्हणून पाळले आणि २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन ठरवला, तेव्हाही आपल्याकडच्या बातम्यांत छायाचित्र मात्र गोमुखाचेच होते. या लेखाचा विषय छोट्या हिमनद्या हा आहे, कारण तापमानवाढीला त्या देत असलेला प्रतिसाद मोठ्या हिमनद्यांपेक्षा केवळ जलद नसतो, तो वेगळ्या जातीचा असतो.

हिमनदीचा जमाखर्च असतो. वरच्या भागात वर्षभरात जितके हिम पडते तितके वितळत नाही, म्हणून तेथे शिल्लक साचते. खालच्या भागात वितळणे अधिक असल्यामुळे तूट येते. या दोन भागांना विभागणाऱ्या उंचीला समतोल रेषा म्हणतात. वर साचलेले हिम दबून बर्फ बनते आणि तो बर्फ सावकाश वाहत खाली येऊन तेथील तूट भरून काढतो. हिमनदीचे टोक किती मीटर मागे सरकले, हा आकडा वर्तमानपत्रांना आवडतो, पण तो उशिरा कळणारा परिणाम आहे. खरी माहिती या जमाखर्चातून मिळते आणि त्यासाठी बर्फात दांडे रोवून दरवर्षी मोजमाप घ्यावे लागते. लाहौल-स्पीतीमधील सुमारे साडेपंधरा चौरस किलोमीटरच्या छोटा शिग्री हिमनदीवर असे मोजमाप २००२ पासून सलग चालू असून, सगळ्या पृष्ठभागावर सरासरी काढल्यास दरवर्षी अदमासे अर्धा मीटर जाडीच्या पाण्याइतकी तूट तेथे येत आहे.

आता तापमान वाढले की काय होते ते पाहू. वर जाताना हवेचे तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, म्हणून एक अंशाच्या वाढीने समतोल रेषा ढोबळमानाने दीडशे मीटर वर सरकते. समजा, एका हिमनदीचा माथा ५,४०० मीटरवर, टोक ४,७०० मीटरवर आणि समतोल रेषा ५,१५० मीटरवर आहे. दोन अंश तापमान वाढल्यास रेषा ५,४५० मीटरच्या आसपास, म्हणजे माथ्याच्याही वर जाईल. मग या हिमनदीकडे जमेची बाजूच उरत नाही. पुढे तापमान एका अंशानेही वाढले नाही तरी ती संपणारच, कारण मागे सरकून जेथे समतोल साधता येईल अशी उंच जागाच तिच्या डोंगरावर नसते. गंगोत्रीला सुमारे चार हजारांपासून सात हजार मीटरपर्यंतची जागा उपलब्ध आहे. ती आखूड होऊन नव्या हवामानाशी जुळवून घेऊ शकते. छोटीला ही सोय नाही.

यापुढचा भाग थोडा गणिताचा आहे, पण हिमनद्यांच्या अभ्यासातील सर्वांत सुंदर गोष्ट त्यात आहे, म्हणून वाचकांनी तो टाळू नये.

बर्फ घन असूनही वाहतो. दीर्घकाळ दाब राहिला तर त्याचे स्फटिक एकमेकांवरून आणि स्वतःच्या आतील थरांवरून सरकतात. हे किती वेगाने घडते हे जॉन ग्लेन यांनी केंब्रिजमध्ये बर्फाच्या ठोकळ्यांवर भार ठेवून मोजले आणि १९५५ साली त्याचा नियम प्रसिद्ध केला. पाणी किंवा तेल अशा साध्या द्रवात ताण दुप्पट केला की थर सरकण्याचा वेग दुप्पट होतो. बर्फात तो आठपट होतो, कारण वेग ताणाच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असतो. हिमनदीच्या तळाशी असलेला ताण वरच्या बर्फाच्या वजनातून आणि उतारातून येतो, म्हणजे तो जाडीच्या समप्रमाणात असतो. शिवाय तळापासून वरपर्यंत प्रत्येक थर खालच्या थराच्या तुलनेत थोडा पुढे सरकतो आणि या सगळ्या सरकण्यांची बेरीज पृष्ठभागावर दिसते, म्हणून जाडीचा आणखी एक घात त्यात मिळवावा लागतो. अशा रीतीने पृष्ठभागाचा वेग जाडीच्या चौथ्या घाताशी बांधला जातो.

दहा अंशांचा उतार आणि शंभर मीटर जाडीचा, वितळणबिंदूजवळचा बर्फ घेऊन हिशेब केला, तर केवळ या अंतर्गत सरकण्यामुळे पृष्ठभागाचा वेग वर्षाला तेरा मीटरच्या आसपास येतो. जाडी पन्नास मीटर झाली की तो सोळा पटींनी घटून ऐंशी-पंचाऐंशी सेंटीमीटरवर येतो. वरून खाली पोहोचणाऱ्या बर्फाचे प्रमाण तर वेग आणि जाडी यांच्या गुणाकारावर ठरते, म्हणजे पाचव्या घातावर. ते बत्तिसाव्या हिश्शावर येते. तळाशी पाणी असल्यास हिमनदी खडकावरून घसरतेही आणि तो वेग या हिशेबात धरलेला नाही, तथापि पातळ झालेल्या हिमनदीत घसरण्यासाठी लागणारा ताणही घटलेलाच असतो. तात्पर्य असे, की अर्धी जाडी गमावलेली हिमनदी नकाशावर जवळपास पूर्वीइतकीच दिसते, पण खालच्या भागाची तूट भरून काढण्याचे तिचे काम बंद पडलेले असते. त्यानंतर उरतो तो जागच्या जागी झिजणारा, न वाहणारा बर्फ, ज्याला अभ्यासक मृत बर्फ म्हणतात.

आइसलँडमधील ओक्योकुल ही हिमनदी याचेच उदाहरण आहे. ओडुर सिगुर्डसन या अभ्यासकांनी २०१४ मध्ये ती हिमनदी राहिली नसल्याचे जाहीर केले, तेव्हा तेथे बर्फ शिल्लक होता. स्वतःच्या वजनाने वाहण्याइतका तो जाड उरला नव्हता, हा त्यांचा निकष होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे तिच्या नावाचा स्मृतिफलक बसवण्यात आला.

मध्य आणि पूर्व हिमालयात आणखी एक अडचण आहे आणि ती मोसमी पावसाशी निगडित आहे. आल्प्समध्ये हिम हिवाळ्यात पडते आणि उन्हाळ्यात वितळते. नेपाळ, सिक्कीम या भागांत मात्र वर्षातील बहुतेक हिम जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे आपल्याकडे पाऊस पडतो तेव्हाच, पडते. जमा आणि खर्च एकाच ऋतूत चालतात. तापमान थोडे वाढले, की त्याच ढगांतून हिमाऐवजी पाऊस पडू लागतो. येथे अनेकांचा समज असा, की पाऊस तुलनेने उबदार असल्यामुळे बर्फ वितळवतो. हिशेब करून पाहावा. चार अंशांचे दहा मिलिमीटर पावसाचे पाणी शून्य अंशापर्यंत थंड होताना प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १६८ किलोज्यूल उष्णता देते आणि एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर बर्फ वितळतो. नुकसान होते ते रंगामुळे. ताजे हिम सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक भाग परत फेकते, तर उघडा, मळका बर्फ चाळीस टक्क्यांच्या आसपासच फेकतो. दिवसरात्रीची सरासरी धरून दर चौरस मीटरला अडीचशे वॅट प्रकाश पडत असेल, तर या फरकाने शंभर वॅट जास्त शोषले जातात आणि त्यातून दिवसाला अडीच सेंटीमीटरहून अधिक बर्फ वितळू शकतो. जुलैत पडलेले चार बोटे हिम हिमनदीच्या जमेत फारशी भर टाकत नाही, परंतु ते पुढचे काही दिवस तिचा खर्च रोखून धरते. पाऊस हे करू शकत नाही. नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातील ‘याला’ नावाची छोटी हिमनदी याच प्रकारची आहे. १९७०च्या दशकानंतर तिचे क्षेत्र सुमारे दोन-तृतीयांशाने घटले असून मे २०२५ मध्ये तेथे तिच्यासाठी श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला.

सगळ्या छोट्या हिमनद्या एकाच गतीने जात नाहीत, हेही सांगितले पाहिजे. उत्तराभिमुख कड्याच्या सावलीत असलेल्या आणि वरून हिमकडे कोसळून ज्यांना भर मिळते अशा हिमनद्या समतोल रेषेच्या खालीही बराच काळ टिकतात. दगडमातीचा पातळ थर वितळणे वाढवतो, तर काही सेंटीमीटरहून जाड थर ते मंदावतो. म्हणूनच एका हिमनदीचे छायाचित्र दाखवून हिमालयाविषयी निष्कर्ष काढणारे, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, आपला वेळ वाया घालवतात. २०१३ च्या केदारनाथ आपत्तीनंतर गढवालमधील धारी देवी या स्थानिक देवतेची मूर्ती तिच्या जागेवरून हलवल्यामुळे कोप झाला असे सांगितले गेले आणि आमच्या ओळखीच्या सुशिक्षित घरांतही ते मानले गेले. प्रत्यक्षात कित्येक दिवसांच्या अतिवृष्टीने चोराबारी हिमनदीजवळचे तळे तुडुंब भरले आणि दगडमातीचा त्याचा नैसर्गिक बांध १७ जूनच्या सकाळी फुटला. देवीला त्यात गोवण्याचे काहीही कारण नव्हते.

पाण्याचा प्रश्न खराच कोठे आहे, तर तो लडाखमध्ये. तेथे पाऊस नगण्य आणि बहुतेक गावांची सातूची शेते वर पाच हजार मीटरच्या आसपास असलेल्या एखाद्या छोट्या हिमनदीच्या ओढ्यावर अवलंबून असतात. हिमनदी झपाट्याने वितळू लागली, की प्रथम ओढ्याचे पाणी वाढते आणि काही वर्षे सगळे उत्तम चालल्याचा भास होतो. पुढे बर्फाचे क्षेत्रच आक्रसल्यामुळे पाणी कमाल पातळी गाठून उतरू लागते. मोठ्या खोऱ्यांत ही कमाल पातळी या शतकाच्या मध्याच्या सुमारास येण्याचा अंदाज आहे. छोट्या हिमनद्यांच्या ओढ्यांत ती लवकर येते. लडाखमधील अभियंते चेवांग नॉर्फेल यांनी हिवाळ्यातील वाया जाणारे पाणी बांधांमागे गोठवून ते पेरणीच्या वेळी शेताला मिळेल अशी सोय केली, ती अत्यंत उपयुक्त आहे. परंतु तिला कृत्रिम हिमनदी म्हणून हिमनद्या परत आणल्याच्या बातम्या देणे ही अतिशयोक्ती होय, कारण तो त्याच वर्षी वितळून जाणारा साठा असतो.

जगातील दोन लाखांहून अधिक हिमनद्यांचा हिशेब मांडणारा एक अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी २१०० पर्यंत हिमनद्यांच्या एकूण बर्फापैकी सुमारे २६ टक्के नष्ट होईल, पण संख्येने जवळजवळ निम्म्या हिमनद्या नाहीशा होतील, असा त्याचा निष्कर्ष आहे. या दोन आकड्यांतील तफावत छोट्या हिमनद्यांमुळे आहे. पुढे मोजमापातही एक गोम निर्माण होते. स्वित्झर्लंडमधील पिझोल हिमनदीचे मोजमाप २०१९ मध्ये थांबवावे लागले, कारण मोजण्याजोगे तेथे फारसे उरलेच नव्हते. अशा हिमनद्या यादीतून गळत गेल्या, की उरलेल्यांची सरासरी मोठ्या आणि उंच हिमनद्यांकडे झुकू लागते. त्यामुळे एखाद्या वर्षी तूट कमी झाल्याचा आकडा वाचनात आला, तर ती सरासरी किती हिमनद्यांची आहे आणि दहा वर्षांपूर्वी ती किती हिमनद्यांची होती, हे आधी पाहावे लागते.